स्पोर्ट्स कारमध्ये नंतर बसवलेले ट्रॅक्शन कंट्रोल

ट्रॅक्शन कंट्रोल म्हणजे इंजिनाची शक्ती ज्या चाकांना मिळते ती चाके रस्त्यावर प्रमाणाबाहेर घसरू लागताच त्यांच्याकडे जाणारी ओढ आपोआप कमी करणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा. आधुनिक मोटारींत ती कारखान्यातूनच येते. ज्या गाडीत ती मुळात नव्हती, तिच्यात मालकाने किंवा कार्यशाळेने पुढे ती जोडली, तर तिला नंतर बसवलेले ट्रॅक्शन कंट्रोल म्हणतात. मागील चाकांवर चालणाऱ्या जुन्या स्पोर्ट्स कार हे तिचे सर्वांत मोठे क्षेत्र आहे. वजनाच्या मानाने अधिक शक्ती, रुंद टायर आणि इलेक्ट्रॉनिक साहाय्याचा अभाव हे तिन्ही गुण या गाड्यांत एकत्र आढळतात.

कारखान्याने बसवलेली यंत्रणा आणि नंतर बसवलेली यंत्रणा यांत नाव एकच असले, तरी कामात मोठा फरक आहे. कारखान्याची यंत्रणा बहुधा ब्रेकच्या द्रवदाबावरही ताबा ठेवते आणि घसरणारे एकेक चाक स्वतंत्रपणे रोखू शकते. नंतर बसवलेल्या यंत्रणेच्या हाती मात्र बहुतेक वेळा एकच साधन असते, ते म्हणजे इंजिनाचा टॉर्क कमी करणे. तिच्याकडून कोणती अपेक्षा ठेवावी आणि कोणती ठेवू नये, हे याच मर्यादेवरून ठरते.

पार्श्वभूमी

चाकांची घसरण ओळखून इंजिनाची शक्ती कमी करण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील ब्यूक कंपनीने १९७१ मध्ये आपल्या मोठ्या गाड्यांसाठी ‘मॅक्सट्रॅक’ नावाची अशी यंत्रणा दिली होती. ती फार काळ टिकली नाही. १९७८ मध्ये बॉशची इलेक्ट्रॉनिक एबीएस यंत्रणा मर्सिडीज-बेंझच्या एस-क्लास गाडीत आली आणि प्रत्येक चाकाचा वेग मोजणारे सेन्सर गाडीत कायमचे रुजले. चाकाचा वेग ब्रेक लावताना कळतो, तसा तो गाडी वेग घेतानाही कळतो. त्यामुळे १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात याच सेन्सरांवर आधारलेले ट्रॅक्शन कंट्रोल महागड्या गाड्यांत दिसू लागले. १९९५ मध्ये त्याच्या पुढची पायरी असलेली इलेक्ट्रॉनिक स्थिरता-नियंत्रण प्रणाली आली. २०१२ च्या मॉडेल-वर्षापासून अमेरिकेत आणि नोव्हेंबर २०१४ पासून युरोपीय संघात सर्व नव्या मोटारींना ही प्रणाली सक्तीची झाली.

नंतर बसवण्याचा प्रश्न या सक्तीच्या आधीच्या गाड्यांचा आहे. त्या काळातील अनेक स्पोर्ट्स कारमध्ये ट्रॅक्शन कंट्रोल नव्हते. कुठे खर्च हे कारण होते, तर कुठे निर्मात्याची भूमिका. ब्रिटनमधील टीव्हीआर कंपनीचे तत्कालीन मालक पीटर व्हीलर यांचा अशा साहाय्यक यंत्रणांना उघड विरोध होता. पाच लिटरच्या व्ही-८ इंजिनाची, सुमारे ३४० अश्वशक्तीची आणि एक टनाहून थोड्याच अधिक वजनाची त्यांची ‘ग्रिफिथ ५००’ ही गाडी एबीएस व ट्रॅक्शन कंट्रोल या दोन्हींशिवाय विकली गेली. १९९२ ची आठ लिटरची डॉज व्हायपर त्याच पठडीतली होती. होंडाच्या ‘एस २०००’ मध्येही सुरुवातीची अनेक वर्षे असे नियंत्रण नव्हते.

१९८९ मध्ये आलेली माझदा ‘एमएक्स-५’ हे याहून वेगळे उदाहरण आहे. तिचे मूळ १.६ लिटरचे इंजिन साधारण ११५ अश्वशक्तीचे होते आणि तेवढ्या शक्तीला कोरड्या रस्त्यावर ट्रॅक्शन कंट्रोलची फारशी गरज भासत नसे. पण याच गाडीला टर्बोचार्जर वा सुपरचार्जर जोडून शक्ती २०० अश्वशक्तींपलीकडे नेण्याची किंवा तिच्यात थेट व्ही-८ इंजिन बसवण्याची प्रथा पुढे जगभर पसरली. मूळ गाडीचा तोल ज्या शक्तीसाठी साधला होता, ती दुप्पट झाली की जुने समीकरण मोडते. नंतर बसवलेल्या यंत्रणेची मागणी बहुतांशी अशाच बदललेल्या गाड्यांकडून येते.

घसरण आणि पकड

टायर रस्त्याला जी ओढ देतो, ती थोड्या घसरणीशिवाय निर्माणच होत नाही. गाडी ताशी ५० किमी वेगाने जात असेल आणि मागील चाकाच्या परिघाचा वेग ताशी ५५ किमी असेल, तर चाक गाडीच्या वेगाच्या तुलनेत १० टक्के घसरत आहे असे म्हणतात. घसरण शून्य असेल तर ओढही शून्य असते. घसरण वाढत जाते तशी ओढ वाढते, कोरड्या डांबरी रस्त्यावर साधारण १० ते २० टक्क्यांच्या पट्ट्यात ती कमाल होते आणि त्यानंतर उतरू लागते. म्हणून चांगले ट्रॅक्शन कंट्रोल घसरण पूर्णपणे थांबवत नाही. ते तिला त्या कमाल बिंदूच्या अलीकडे धरून ठेवते.

सरळ रस्त्यावर एवढे ज्ञान पुरते. वळणावर दुसरी गोष्ट महत्त्वाची ठरते. टायरची एकूण पकड मर्यादित असते आणि ती पुढे ढकलणे व आडवे धरून ठेवणे या दोन कामांत वाटली जाते. अभियांत्रिकीत ही कल्पना घर्षण-वर्तुळाने दाखवतात. पकडीचा मोठा भाग पुढे ढकलण्यात गेला, की आडवी पकड तेवढी घटते. पुढील चाकांवर चालणाऱ्या गाडीत अशा वेळी पुढची बाजू वळणाच्या बाहेर सरकते. चालकाला ते लगेच जाणवते आणि पाय उचलला की गाडी बहुधा सावरते. मागील चाकांवर चालणाऱ्या गाडीत मात्र मागची बाजू बाहेर फेकली जाते आणि गाडी स्वतःभोवती फिरू लागते. सावरण्यासाठी चालकाला घसरणीच्या दिशेने स्टिअरिंग वळवावे लागते, तेही पुरेशा लवकर आणि योग्य तेवढेच. घाबरून ॲक्सिलरेटर एकदम सोडला, तर वजन पुढच्या चाकांवर जाऊन मागची पकड आणखी कमी होते आणि फिरकी बळावते.

गाडी वेग घेते तेव्हा वजनाचा काही भाग मागे सरकतो. मागील चाकांना चालना देण्याचा हा मोठा फायदा आहे, कारण जिथे ओढ हवी तिथेच भार वाढतो. ओल्या रस्त्यावर पकड कमी म्हणून वेगवाढ कमी, वेगवाढ कमी म्हणून मागे सरकणारे वजनही कमी, असे चक्र सुरू होते. पावसात या गाड्या अचानक वेगळ्या स्वभावाच्या का वाटतात, याचे हे एक कारण आहे.

डिफरन्शिअलची भूमिका

दोन मागील चाकांत टॉर्क वाटणारा डिफरन्शिअल कोणत्या प्रकारचा आहे, याचा ट्रॅक्शन कंट्रोलशी जवळचा संबंध आहे. साध्या डिफरन्शिअलमध्ये ज्या चाकाची पकड कमी, ते एकटे फिरते आणि दुसऱ्यालाही जवळपास तेवढाच क्षीण टॉर्क मिळतो. गाडी पुढे जात नाही, पण न फिरणारे चाक आडवी पकड राखून असते, त्यामुळे मागची बाजू बऱ्याच अंशी जागेवर राहते. मर्यादित-घसरणीच्या डिफरन्शिअलमध्ये दोन्ही चाकांना एकत्र ठेवले जाते. पुढे जाण्याची ओढ वाढते, मात्र मर्यादा ओलांडली की दोन्ही चाके एकदम सुटतात आणि आडवी पकड दोन्हीकडून जाते.

यामुळे मर्यादित-घसरणीचा डिफरन्शिअल आणि ट्रॅक्शन कंट्रोल हे एकमेकांचे पर्याय नव्हेत, तर पूरक आहेत. इंजिनाच्या टॉर्कवरच चालणाऱ्या यंत्रणेला साध्या डिफरन्शिअलची गाडी अवघड जाते. एक चाक चिखलात किंवा हवेत असेल, तर त्याला थांबवण्यासाठी संपूर्ण इंजिनच दबवावे लागते आणि गाडी जागेवरच घुटमळते. कारखान्याची यंत्रणा अशा वेळी त्या एका चाकाचा ब्रेक दाबून टॉर्क दुसऱ्या चाकाकडे वळवते. ती सोय येथे नसते.

वेगाचे मापन

यंत्रणेचा पाया म्हणजे चाकांच्या वेगाचे विश्वासार्ह मापन. प्रचलित पद्धतीत चारही चाकांवर सेन्सर असतात. मागील चाकांना चालना असल्याने पुढील चाके मुक्तपणे फिरतात आणि त्यांचा वेग हाच गाडीचा वेग मानता येतो. चारही चाकांना चालना असलेल्या गाडीत असा सरळ संदर्भ मिळत नाही.

ज्या गाडीत एबीएस आहे, तिथे चाकांवर दातेरी कडी आणि सेन्सर आधीच असतात. त्यांच्याच तारांवरून संकेत घेतला जातो. हा जोड देताना संकेतावर भार पडू न देणे आवश्यक असते, अन्यथा एबीएसलाच चुकीचे वाचन मिळेल. पकड वाढवण्याच्या नादात ब्रेकची यंत्रणा बिघडवणे हा उलटा व्यवहार ठरतो. एबीएस नसलेल्या गाडीत सेन्सर नव्याने लावावे लागतात. चाकाचे बोल्ट किंवा ब्रेकच्या तबकडीचे बोल्ट यांचाच दात्यांसारखा उपयोग करण्याची पद्धत आहे, मात्र चार-पाच बोल्ट एका फेरीत चार-पाचच स्पंद देतात. कड्याला ४४ दाते असतील आणि टायरचा परिघ १.९ मीटर असेल, तर दर ४.३ सेंटिमीटरला एक स्पंद मिळतो. ताशी ३६ किमी वेगाला हे सेकंदाला सुमारे २३० स्पंद होतात. चार बोल्टांवर तेच अंतर जवळजवळ अर्ध्या मीटरवर जाते आणि घसरण कळेपर्यंत ती बरीच वाढलेली असते.

जुन्या गाड्यांतील चुंबकीय सेन्सर स्वतःच वीजदाब निर्माण करतात आणि तो दाब वेगाच्या प्रमाणात असतो. अगदी कमी वेगाला तो इतका क्षीण होतो की मापन भरवशाचे राहत नाही. त्यामुळे जागेवरून निघण्याच्या पहिल्या क्षणी, जेव्हा मागील चाके सर्वाधिक फिरतात, तेव्हाच यंत्रणा अर्धवट आंधळी असते. हॉल परिणामावर चालणाऱ्या सेन्सरांना ही अडचण येत नाही.

टायरांचा व्यास हा आणखी एक मुद्दा. अनेक स्पोर्ट्स कारमध्ये मागील टायर पुढील टायरांपेक्षा मोठे असतात, म्हणून न घसरताही दोन्हींच्या फेऱ्या वेगळ्या येतात. हा फरक सरळ रस्त्यावर एकसमान वेगाने गाडी चालवून यंत्रणेला शिकवावा लागतो आणि टायर बदलले की पुन्हा शिकवावा लागतो. वळणावर बाहेरचे चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर कापते, तसेच पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळावरून जातात. याही फरकाचा हिशेब ठेवावा लागतो.

या अडचणीतून एक उपयुक्त गोष्टही निघते. पुढील दोन चाकांच्या वेगांतील फरकावरून गाडी किती वेगाने वळत आहे हे काढता येते. गाडी सेकंदाला २० मीटर वेगाने जात असेल, दोन चाकांतील अंतर १.४ मीटर असेल आणि त्यांच्या वेगांत सेकंदाला ०.५६ मीटरचा फरक असेल, तर आडवा त्वरण सुमारे ८ मीटर प्रति सेकंद वर्ग येतो. कोरड्या रस्त्यावर सामान्य टायरच्या मर्यादेजवळची ही स्थिती आहे. हे जाणणारी यंत्रणा वळणावर घसरणीची मुभा आपोआप कमी करू शकते. त्यासाठी वेगळा सेन्सर लागत नाही.

ड्रॅग शर्यतींसाठी पूर्णपणे वेगळी पद्धत वापरली जाते. अमेरिकेतील डेव्हिस टेक्नॉलॉजीजसारख्या उत्पादकांच्या यंत्रणा चाकांची तुलना न करता इंजिनाच्या किंवा मागे जाणाऱ्या शाफ्टच्या फेऱ्या किती झपाट्याने वाढतात एवढेच पाहतात. पकड शाबूत असेल तर फेऱ्या एका मर्यादेपेक्षा वेगाने वाढू शकत नाहीत, हे त्यामागचे तत्त्व. बसवायला ही पद्धत सोपी आहे, पण सावकाश वाढणारी घसरण तिच्या नजरेतून निसटू शकते. वळणदार रस्त्यासाठी ती अपुरी आहे.

टॉर्क कमी करण्याच्या पद्धती

घसरण कळल्यावर इंजिनाला किती वेळात आणि किती सौम्यपणे आवरता येते, यावर यंत्रणेचा दर्जा ठरतो. ६,००० फेऱ्यांवर चालणाऱ्या चार-घाती इंजिनाचे एक पूर्ण चक्र २० मिलिसेकंदांत होते. चार सिलिंडर असतील तर दर ५ मिलिसेकंदांनी एक स्फोट होतो. त्यामुळे एकेका स्फोटावर नियंत्रण ठेवणारी यंत्रणा माणसाच्या पायापेक्षा कितीतरी चपळ असते.

इंधन तोडणे ही रस्त्यावरील गाड्यांसाठी रूढ पद्धत आहे. ब्रिटनमधील रेसलॉजिक कंपनीने टीव्हीआरसारख्या गाड्यांत वापरली गेलेली यंत्रणा याच मार्गाने जाते. ईसीयू आणि इंजेक्टर यांच्यामध्ये एक पेटी बसते, चाकांचे संकेत वाचते आणि गरजेप्रमाणे एखाद्या सिलिंडरचे इंधन एका चक्रापुरते रोखते. त्या सिलिंडरमधून नुसती हवा जाते, म्हणून एक्झॉस्टमध्ये न जळलेले इंधन साठत नाही. मात्र इंधन पूर्ण तोडावे लागते. अर्धवट दिले तर मिश्रण विरळ होऊन इंजिन तापण्याचा व फुटण्याचा धोका असतो. चार सिलिंडरच्या इंजिनात एक सिलिंडर बंद केला की टॉर्क एक-चतुर्थांशाहून थोडा अधिक उतरतो, कारण बंद सिलिंडर उलट ओढही लावतो. व्ही-८ मध्ये हीच पायरी निम्मी असल्याने नियंत्रण अधिक गुळगुळीत होते. काही जुन्या गाड्यांत दोन-दोन इंजेक्टर एकाच तारेवर चालतात. तिथे आधी तारा वेगळ्या कराव्या लागतात.

ठिणगी तोडणे याहून जलद असते, कारण इंधन आत गेल्यावरही स्फोट रोखता येतो. पण ते इंधन न जळता एक्झॉस्टमध्ये जाते आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर त्यात जळून त्याला निकामी करू शकते. शर्यतीच्या गाडीत कन्व्हर्टर नसल्याने ही पद्धत चालते. रस्त्यावरच्या गाडीत ती महाग पडते. कार्ब्युरेटर असलेल्या गाडीत इंजेक्टरच नसतात, म्हणून तिथे ठिणगीशिवाय मार्ग उरत नाही.

ठिणगी उशिरा देणे हा सौम्य उपाय आहे. टॉर्क झटक्याशिवाय कमी होतो, पण ज्वलन लांबल्याने एक्झॉस्टचे तापमान चढते, म्हणून ते क्षणापुरतेच करावे लागते. ज्या गाडीत थ्रॉटल तारेऐवजी मोटरवर चालते, तिथे ते किंचित मिटणे हा सर्वांत सुखद मार्ग असतो. मात्र इंजिनात आधीच शिरलेली हवा संपेपर्यंत परिणाम दिसत नाही. चांगल्या रचनेत म्हणूनच पहिला झटका ठिणगीने आवरतात आणि पुढचे काम थ्रॉटलकडे सोपवतात.

स्वतंत्र पेटीऐवजी संपूर्ण ईसीयूच बदलण्याचा मार्गही आहे. ऑस्ट्रेलियातील मोटेक व हॉलटेक, न्यूझीलंडमधील लिंक यांचे संगणक आणि अमेरिकेत हौशी लोकांसाठी विकसित झालेला मेगास्क्वर्ट यांत ट्रॅक्शन कंट्रोलची सोय मिळते. इंजिनाची शक्ती वाढवताना ईसीयू बदललेलाच असतो, त्यामुळे टर्बो बसवलेल्या गाड्यांत हा मार्ग अधिक सोयीचा पडतो.

बसवणी आणि जुळवणी

बसवणीत बहुतेक अडचणी तारांच्या असतात. इंजेक्टरच्या तारेत अडथळा आणलेला मूळ ईसीयूला जाणवतो आणि १९९६ नंतरच्या अमेरिकी गाड्यांत तो स्फोट चुकल्याची नोंद करून इशारादिवा लावू शकतो. पेटी बंद पडली तर इंजिन बंद पडू नये, म्हणून वीज गेल्यावर इंजेक्टरचा मार्ग आपोआप जोडला जाईल अशी रचना असावी लागते. महामार्गावर ओव्हरटेक करताना इंजिन गप्प होणे हे घसरणाऱ्या चाकापेक्षा कमी घातक नाही.

घसरणीची मर्यादा बहुधा चालकाला बटणाने वा खुंटीने बदलता येते. जुळवणी बंदिस्त जागेत, आधी सरळ रेषेत आणि शक्य तर ओल्या पृष्ठभागावर केली जाते, कारण तिथे कमी वेगाला घसरण मिळते. मर्यादा फार कमी ठेवली तर खडबडीत रस्त्यावरही यंत्रणा इंजिन अडवत राहते. फार जास्त ठेवली तर ती जागी होईपर्यंत गाडीची मागची बाजू सुटलेली असते. वळणावर सगळे सिलिंडर एकदम तोडणारी जुळवणी सर्वांत धोक्याची. तिचा परिणाम घाबरून पाय उचलण्यासारखाच होतो, म्हणजे जे टाळायचे तेच ती घडवते. म्हणून घसरणीच्या प्रमाणात टॉर्क पायरीपायरीने उतरवला जातो.

ब्रिटनसारख्या देशांत गाडीतील असे फेरफार विमा कंपनीला कळवणे अपेक्षित असते. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. ट्रॅक्शन कंट्रोलच्या पेटीपेक्षा तिच्या सोबत येणारा इंजिनबदल या कलमाच्या कक्षेत सहज येतो.

मर्यादा

नंतर बसवलेले ट्रॅक्शन कंट्रोल पकड वाढवत नाही. असलेली पकड वाया जाऊ देत नाही, इतकेच. टायर झिजलेले, थंड किंवा कडक झालेले असतील, तर ते त्या टायरांच्या मर्यादेतच काम करते. म्हणूनच जाणकार कार्यशाळा आधी टायर, मग सस्पेन्शनची मोजमापे आणि त्यानंतर इलेक्ट्रॉनिक्स हा क्रम सुचवतात. एका संचाच्या किमतीत बहुधा चांगले टायर येतात, ही गोष्ट जाहिरातींत सहसा लिहिलेली नसते.

स्थिरता-नियंत्रण प्रणालीशी तिची गल्लत करणे ही नेहमीची चूक आहे. स्थिरता-नियंत्रणाला स्टिअरिंगचा कोन, गाडीची स्वतःभोवती फिरण्याची गती आणि आडवा त्वरण माहीत असतो. चालकाला कुठे जायचे आहे आणि गाडी कुठे चालली आहे यांतील फरक ओळखून ती एखाद्या चाकाचा ब्रेक दाबते. इंजिनापुरत्या मर्यादित यंत्रणेला चालकाचा हेतू कळत नाही. वेगाने वळणात शिरल्याने, ब्रेक मारल्याने किंवा ॲक्सिलरेटर सोडल्याने मागची बाजू सुटली, तर तिच्याकडे उपाय नसतो, कारण इंजिन त्या वेळी ओढतच नसते. खालच्या गिअरमध्ये घाईने आल्यावर इंजिनाच्या अटकावाने मागील चाके अडकली, तरीही तेच. या प्रसंगांत गाडी पूर्वीइतकीच चालकाच्या हाती असते. आपल्याला संरक्षण मिळाले आहे या समजुतीने तो अधिक वेगाने जात असेल, तर धोका वाढलेलाच असतो.

शर्यतींतील स्थान

मोटारशर्यतींत ट्रॅक्शन कंट्रोलकडे सुरक्षेपेक्षा कौशल्याच्या प्रश्नातून पाहिले जाते. फॉर्म्युला वनमध्ये १९९४ च्या हंगामापासून त्यावर बंदी आली. पण बंदी पाळली जाते की नाही हे संगणकाच्या आज्ञावलीत शोधावे लागे आणि संशय वारंवार उठत. त्याच वर्षी बेनेटन संघाच्या आज्ञावलीत शर्यत सुरू करतानाच्या स्वयंचलित नियंत्रणाचा भाग सापडला. तो वापरल्याचा पुरावा मात्र मिळाला नाही. तपासणी अशक्यप्राय ठरल्याने २००१ च्या स्पॅनिश ग्रांप्रीपासून ट्रॅक्शन कंट्रोलला पुन्हा परवानगी देण्यात आली. २००८ मध्ये सर्व संघांना एकच ठरावीक ईसीयू सक्तीचा झाला आणि तेव्हाच बंदी खऱ्या अर्थाने अमलात आणता आली.